गिरिजा, वय वर्षे चार

बोरमाळ, तालुके सांगोला
ता. १४ नोव्हेंबर १९२९

प्रिय महबूब,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ती कामासाठी. तू आत्ताच शिव्या द्यायला सुरुवात केली असशील. दे. पण त्या देऊन झाल्या की पुढचं वाच.

गावाच्या पश्चिमेला, ओढ्यापलीकडं, धनगरांची बावीस घरांची वस्ती आहे. त्यांच्या पाठीशी मैलभर रान. हिवर, बाभळी, खैर आणि मधे लिंबाचं एक दाट बन. परवा चावडीवर जाहीरनामा लागला. हे सगळं रान सरकार राखीव जंगल करणार आहे. कुणाचा त्यावर हक्क असेल तर तीन महिन्यांत लेखी सांगावा, नाहीतर हक्क बुडाला. तलाठ्यानं वाचून दाखवलं, वस्तीवरच्या माणसांनी उभ्या उभ्या ऐकलं आणि मेंढरं घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई शाळेच्या दारात आल्या. वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, सुईणपण करतात. म्हणाल्या, "मास्तर, त्या कागुदाला उलटा कागुद लिव्हा. आमी हितंच हाय म्हणून लिव्हा." चार वर्षांत त्या माझ्या दाराशी आल्या नव्हत्या. मीही त्यांच्याकडं गेलो नव्हतो. गिरिजाच्या बाळंतपणात, शेवटपर्यंत, त्याच तिच्यापाशी होत्या, तुला ठाऊकच आहे. मी तेव्हा पुण्याला ट्रेनिंगला होतो, हेही ठाऊक आहे. नवव्या दिवशी आलो तर लोकांनी गावाबाहेरची माती दाखवली. तिथून परत फिरलो तो आजपर्यंत कुणाला काही विचारलं नाही.

मला मुलांना बाराखडी शिकवता येते, सरकारला अर्ज लिहिता येत नाही. तो तुला येतो. कसा लिहायचा ते कळव.

तुझा,
शिवयोगी


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २१ नोव्हेंबर १९२९

दोस्त शिवयोगी,

शिव्या देऊन झाल्या. त्यातल्या निम्म्या तुझ्या वहिनीनं, शमशादनं दिल्या, कारण तू ईदेला येतो म्हणाला होतास आणि ती दर ईदेला शिरखुर्मा तुझ्या नावाचा बाजूला काढून ठेवते. तो शेवटी मलाच प्यावा लागतो.

आता काम. आमच्या वकीलसाहेबांनी आजवर जंगलाच्या चार-पाच दाव्यांत हात घातला आणि प्रत्येकात अर्ज मी लिहिला. तेव्हा ऐक. "आम्ही पूर्वापार या रानात आहोत" असलं काही लिहू नकोस. सरकारी साहेबांना पूर्वापार दिसत नाही, माणूस दिसतो. एकेकाचं नाव लिही, वय लिही, रानात नेमका कुठं असतो ते लिही, आणि त्यापुढं अंगठा घे. बाहेर राहून आत मेंढरं चारणाऱ्याला फार तर चार महिन्यांची चराई मिळते. रानाच्या आत कुणी राहत असेल तर गोष्ट वेगळी, त्याची जागा राखीवातून वगळावीच लागते. म्हणून म्हातारीला नीट खोदून विचार, आत कोण कोण राहतं.

कच्चा मसुदा मला पाठव. पक्का मी करतो. तुझं मराठी चांगलं आहे, पण ते शाळेचं आहे. कचेरीचं मराठी निराळं असतं.

आणि तू जेवतोस ना वेळेवर? अक्षर बारीक झालंय तुझं.

महबूब


बोरमाळ
ता. ९ डिसेंबर १९२९

प्रिय महबूब,

सोबत मसुदा. एकतीस नावं झाली. त्यातल्या एकोणिसांचे अंगठे आहेत. बारांचे नाहीत आणि तेच तुझ्या उपयोगाचे, कारण ते रानाच्या आत आहेत.

तू सांगितलं तसं सोजरबाईंना विचारलं, "रानाच्या आत कोण राहतं?"

"लई जण," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात एकेक सांगायला लागल्या. "ज्ञानबा उगवतीच्या बांदाला उभा हाय. हिंदुराव त्येच्या मागं. बजाबाई वड्याच्या वळणाला."

"वय?"

"कशाचं?"

"ज्ञानबा किती वर्षांचा?"

त्यांनी बोटं मोजली. "साठ झाली असतील की." हिंदुराव चाळीस. बजाबाई बावीस, म्हणजे कुणाची तरी सून असणार. मी म्हटलं, उभा कशाला, राहतो म्हणा. तर म्हातारी रागावली. "ऱ्हात न्हाय. उभा हाय." मेंढरांमागचा माणूस दिवसभर उभाच असतो, असं मनाशी म्हणून मी तसंच लिहिलं. अंगठ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "त्येंचं हात आता खाली येत न्हाईत." कामातून हात रिकामे होत नसतील. तू काहीतरी तोड काढ.

सोजरबाईंचा स्वतःचा एक हट्ट झाला. त्या वस्तीवर राहतात, मी रोज बघतो. अंगठाही त्यांनी दिला, तरी आपलं नाव बनातल्या माणसांतच लिहायला लावलं. "वड्याच्या काठाला, बजाबाईच्या शेजारी लिव्हा." वय विचारलं तर म्हणाल्या, "आजून लागलं न्हाय." तेवढी जागा कोरी सोडली आहे.

बारावं नाव गिरिजा. "बनाच्या मदोमद. चार वरसं." वस्तीवर या नावाचं मूल मी पाहिलेलं नाही. लिहिताना बोरू थांबला, मग लिहिलं. आपल्याकडं हे नाव काय कमी आहे?

शिवयोगी


शुक्रवार पेठ
ता. १८ डिसेंबर १९२९

शिवयोगी,

मसुदा चांगला आहे, आणि एवढं मी कुणाला म्हणत नाही. पण बाराही ठिकाणी तू "उभा आहे, उभी आहे" लिहिलंस. अरे, अर्जात माणूस उभा नसतो, राहतो. उद्या साहेब विचारतील की ही माणसं बसत का नाहीत. मी तांबड्या शाईनं बाराही "उभा" खोडून "राहतो" केलं. म्हातारीचं वय सुमारे सत्तर घातलं. कोरी जागा बघितली की कचेरीतल्या लोकांना संशय येतो.

पक्का अर्ज सोबत आहे. आतल्या माणसांच्या अंगठ्यांची काळजी नको. साहेब जागेवर चौकशीला येतील तेव्हा नाव पुकारलं की हजर राहिले म्हणजे झालं.

अडचण एकच. ती गिरिजा. चार वर्षांची मुलगी दावा सांगू शकत नाही, तिला पालक लागतो. तिचे आईबाप कोण ते विचार आणि त्यांची सही घे. एवढी लहान पोर रानाच्या मधोमध काय करते हेही विचारलं असतं तर बरं झालं असतं. लांडगे आहेत ना तिकडं?

महबूब


बोरमाळ
ता. २ जानेवारी १९३०

महबूब,

पक्का अर्ज सही करून परत पाठवतोय. गिरिजाच्या पुढं पालक म्हणून माझं नाव आहे.

सोजरबाईंना विचारलं, "हिचा पालक कोण?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "तुमीच की, मास्तर. दुसरं कोन हाय तिला?"

मी सही केली, आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

आता जे लिहितोय ते वाचून फाडून टाक. त्या पौषात मूल झालं ते लगेच गेलं, असं मला लोकांनी सांगितलं. मी पाहिलं नाही. मुलगा की मुलगी हेही विचारलं नाही. ते आज जगतं तर चार वर्षांचं असतं. वस्तीवर चार वर्षांची एक मुलगी आहे, तिचं नाव गिरिजा आहे, ती कधी गावात आणत नाहीत आणि म्हातारी मला तिचा पालक म्हणते. तू अर्ज लिहिणारा माणूस आहेस. या गोष्टी एकाखाली एक मांड आणि सांग, बेरीज काय येते.

शाळा सुटली की मी रोज बनात जातो. ते फार शांत आहे, पण रिकामं वाटत नाही. आपण आत शिरलो की कुणीतरी बोलायचं थांबतं असं वाटतं. मेंढरंसुद्धा तिथं आवाज करत नाहीत. मी तिला हाक मारतो. कन्नडमधून मारतो. चार वर्षांत माझ्या तोंडून कन्नड निघालं नव्हतं, घरात ऐकायला होतं कोण? काल एका फांदीवर बोटभर रुंद चिंधी दिसली. तांबडी, पिवळ्या कडेची. ती माझ्या गिरिजाच्या इरकली लुगड्याच्या काठाची आहे. त्या लुगड्याचं तिला झबलं शिवलं असेल. झबल्याचा काठ काट्यात अडकून फाटला असेल.

ती जवळपास आहे. मला नुसतं एकदा बघायचंय.

शिवयोगी


शुक्रवार पेठ
ता. ९ जानेवारी १९३०

शिवयोगी,

पत्र फाडलं नाही. शमशादला वाचून दाखवलं. माफ कर, मला एकट्याला ते पेलेना.

अर्ज काल कचेरीत दिला. पोच मिळाली. मुदतीला महिना बाकी आहे, म्हणजे ते काम झालं.

आता दुसरं. तू बेरीज विचारलीस. भाऊ, आकडे तू मनात ठरवूनच मांडलेस. शमशाद म्हणते, सोजरबाईसमोर बस आणि सरळ विचार, त्या दिवशी काय झालं. चार वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून तुझ्या मनात ती गोष्ट संपतच नाही. मी म्हणतो, चौकशी होईपर्यंत त्या रानात पाऊल टाकू नकोस. मला तुझी भीती वाटते. रानाची नाही.

हवं तर मी येतो. सांगोल्यापर्यंत मोटार, पुढं चालत. माझा गुडघा बोंबलेल, बोंबलू दे.

महबूब


बोरमाळ
ता. १६ मार्च १९३०

महबूब,

तू येतो म्हणालास त्याला मी उत्तर दिलं नाही. सोजरबाईंनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं. तेव्हा जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे.

परवा चौकशीला सेटलमेंटचे साहेब आले. बनाच्या पूर्वेला एका मोठ्या लिंबाखाली टेबल मांडलं. शिरस्तेदार यादी पुकारू लागला. एकोणीस जण एकेक करून पुढं आले, ठीक झालं. मग त्यानं पुकारलं, "ज्ञानबा. वय साठ. राहणार रानात, पूर्व हद्द." कुणी पुढं आलं नाही.

"ज्ञानबा हजर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हाय की," सोजरबाई म्हणाल्या.

"कुठं आहे?"

"तुमी त्येच्याच सावलीत बसलायसा."

साहेबांनी वर पाहिलं. सगळ्यांनीच वर पाहिलं. महबूब, त्या क्षणी मला सगळं कळलं. साठ वर्षांचा ज्ञानबा म्हणजे साठ वर्षांमागं गेलेला ज्ञानबा. माणूस गेलं की त्याच्या नावानं बनात एक रोप लावतात, आणि तिथून पुढं तो त्या झाडाच्या जागी असतो. वय त्या दिवसापासून मोजतात. त्याच्यापाशी बसतात, त्याला सांगून लग्न ठरवतात, त्याच्या बुंध्याला पहिलं दूध घालतात. "गेला" म्हणत नाहीत. "उभा राहिला" म्हणतात.

शिरस्तेदार हसू दाबत पुकारत राहिला. हिंदुराव, बजाबाई, सगळे. दर वेळी वस्तीवरचं कुणीतरी बोट दाखवायचं. शेवटी तो म्हणाला, "गिरिजा. वय वर्षे चार. पालक, शिवयोगी मास्तर."

मी उठलो. साहेब म्हणाले, "मास्तर, मुलगी कुठाय?" मी सोजरबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझा हात धरला आणि मला बनाच्या मधोमध नेलं. माझ्याहून हातभर उंच असं लिंबाचं झाड. बुंध्याला तळाशी, गवताआड, तिच्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला. "ह्यी गिरजा," म्हणाल्या. त्याच झाडाजवळून मी दोन महिने हाका मारत फिरत होतो.

मी तिथं खाली बसलो. तुला खरं लिहितो. ती गेली आहे याचं त्या वेळी दुःख झालं नाही. ते मूल नाही याचं झालं. मनात मी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवून ठेवली होती.

परत आलो तेव्हा निकाल लिहून झाला होता. बारा नावं खोटी, सबब सगळा दावा नामंजूर. वस्तीवरच्या लोकांना अजून कळत नाही की ते खोटं काय बोलले.

शिवयोगी


शुक्रवार पेठ
ता. २४ मार्च १९३०

शिवयोगी,

वाटा तुझा मोठा नाही. माझा आहे.

म्हातारीनं "उभा" सांगितलं, तू "उभा" लिहिलंस. मी शहाणपणानं खोडलं. तो शब्द राहिला असता तर साहेबांनी चौकशीआधीच विचारलं असतं, उभा म्हणजे काय, आणि गोष्ट तिथंच उलगडली असती. चौदा वर्षं मी लोकांची वाक्यं दुरुस्त करतोय. किती जणांचं काय काय खोडलं असेल कोण जाणे. चार रात्री झोप नाही.

पण ऐक. तुझा मसुदा माझ्या ट्रंकेत आहे. बाराही ठिकाणी तुझ्या अक्षरातलं "उभा" आणि त्यावर माझी तांबडी रेघ. वकीलसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, फसवायचा इरादा नव्हता याला याहून चांगला पुरावा नको. आणि माणसांची नावं धरलेली साठ वर्षांची झाडं रानात असतील तर वहिवाटीला आणखी काय हवं? तीन महिन्यांत अपील करता येतं. मी लिहितो. या वेळी एक अक्षर बदलणार नाही.

फक्त एक गोष्ट लागेल. कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की ही बारा माणसं मयत आहेत आणि ही झाडं त्यांच्या नावाची आहेत. दोनचार म्हाताऱ्यांना तयार कर.

महबूब


बोरमाळ
ता. २० एप्रिल १९३०

महबूब,

कुणी तयार नाही. "मयत" हा शब्द नाव घेऊन, त्या झाडापुढं, कुणीच म्हणणार नाही. रान गेलं तरी चालेल म्हणतात. सोजरबाईंनी मला समजावलं, मी पहिलीतला पोर असल्यासारखं. "नाव घिऊन मेलं म्हणलं की त्येंला ऐकू येतं. मग ती जात्यात. रान वाचवून काय करायचं मग, आत कोन नसंल तर?"

मी म्हटलं, मग मी म्हणतो. त्यांनी विचारलं, "तुमी म्हणलं हाय का आजवर? गिरजाचं?"

नाही म्हटलं. शाळेच्या कागदांतसुद्धा कुटुंबाच्या रकान्यात मी रेघ ओढतो.

मग मी विचारलं. तू आणि शमशादवहिनी सांगत होता ते, चार वर्षं उशिरा. त्या म्हणाल्या, मुलगी होती, रडली नाही, तिला आईच्या कुशीतच ठेवली. गिरिजा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. आपली वाचणार नाही हे तिला कळलं होतं. ती दूध आणायला वस्तीवर जायची तेव्हा तिनं बन पाहिलं होतं, तिनंच सांगितलं, मला तिथं उभी करा. मला सांगायला मात्र सोजरबाईंना धीर झाला नाही. "तुमी आमच्याकडं बगतच नव्हता," म्हणाल्या.

"आन् दाराकडं बगून सारकं एकच म्हनत हुती. बंद्रा, बंद्रा. आमाला काय कळंना. पानी दिलं, घेतलं न्हाय."

तुला कन्नड येत नाही. बंद्रा म्हणजे, आले का?

शिवयोगी


शुक्रवार पेठ
ता. २ जुलै १९३०

शिवयोगी,

शहरात मे महिन्यापासून मार्शल लॉ होता, वर्तमानपत्रात वाचलं असशील. रस्त्यात गांधी टोपी बघून शिपाई माणसं अडवत होते. तुझं एप्रिलचं पत्र खिशात घेऊन हिंडलो, पण उत्तर लिहावंसं वाटलं नाही. आमच्या पत्रांवर चारचौघांची नजर पडायची आणि ते पत्र कुणी वाचावं असं नव्हतं.

अपील मुदत संपायच्या चार दिवस आधी दाखल झालं. कचेरीच्या दारात तीन वेळा परत फिरवला मला, चौथ्यांदा आत सोडला. अपिलाचे साहेब पावसाळ्यानंतर जागेवर येतील. ते जुन्या वळणाचे आहेत, ऐकून घेतात असं ऐकतो.

तू शपथ घे असं मी सांगणार नाही. एवढंच लिहितो. "आले का" असं कुणी विचारलं तर त्याला उत्तर द्यायला लागतं. आईशपथ, याहून जास्त मला काही सुचत नाही.

महबूब


बोरमाळ
ता. २४ नोव्हेंबर १९३०

महबूब,

काल झालं.

आदल्या दिवशी सोजरबाईंना सांगितलं की मी म्हणणार. त्यांनी एकदा बनाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणा. त्येंला ऐकू जानार न्हाय येवडं आमी बगतो." साहेब टेबलाशी बसले आणि पाहतो तर वस्तीवरचे सगळे गडी ढोल घेऊन बनाच्या कडेनं उभे. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, हा काय प्रकार म्हणून. मी कारण सांगितलं. त्यांनी टाक खाली ठेवला, थोडा वेळ झाडांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मग वाजवू दे. तुम्ही माझ्या कानाशी येऊन सांगा."

तुझा तांबड्या रेघांचा कागद त्यांच्यापुढं होता. ते नाव वाचायचे, ढोल घुमायचे, मी वाकून त्यांच्या कानात "मयत" म्हणायचो. ज्ञानबा, मयत. हिंदुराव, मयत. बजाबाई, बावीस वर्षांमागं, मयत. अकरा वेळा म्हटलं. बायका कानांवर पदर धरून उभ्या होत्या. एकट्या सोजरबाई कान उघडे ठेवून माझ्याकडं पाहत होत्या.

बारावं नाव आलं तेव्हा मी हात वर केला आणि ढोल थांबवायला सांगितलं. साहेबांना म्हटलं, हे मला तिथं जाऊन सांगायचंय. ते उठून माझ्याबरोबर आत आले.

झाडापुढं मी मोठ्यानं म्हणालो, "गिरिजा, माझी बायको. मयत." बन फार शांत होतं. मग मी कन्नडमधून म्हणालो, "बंदे." आलो.

ती गेली का, हे मला माहीत नाही. सोजरबाईंनी बुंध्यावर हात ठेवून पाहिलं. "हाय," म्हणाल्या. "आता गप हाय, येवडंच."

शिवयोगी


शुक्रवार पेठ
ता. १० जानेवारी १९३१

शिवयोगी,

हुकूम झाला. सोबत नक्कल आहे, वस्तीवर वाचून दाखव.

लिंबाचं बन आणि ओढ्यापासूनची पायवाट राखीव जंगलातून वगळली. बाकी सगळं रान गेलं, त्यात वर्षातून चार महिने चराई. मी रडलो आणि शिव्याही घातल्या. बनात अर्जात लिहिलेल्या नावांचीच झाडं राहतील. यापुढं नवं नाव लावायला मनाई. हे कलम काढावं म्हणून वकीलसाहेब फार बोलले, पण साहेब ऐकेनात. म्हणाले, नाहीतर दर वर्षी बन वाढत जाईल.

नावं मी मोजली. बारा नाहीत, तेरा आहेत. सोजरबाई, सुमारे सत्तर, ओढ्याचा काठ. म्हातारीनं आपली जागा आधीच धरली होती, आणि आपण दोघे शिकलेले तिला हट्टी म्हणत होतो.

महबूब


बोरमाळ
ता. २६ जानेवारी १९३१

प्रिय महबूब,

हुकूम वाचून दाखवला. नव्या नावाचं कलम ऐकून माणसं खाली बघत राहिली. रामहरीनं, म्हणजे सोजरबाईंच्या मुलानं, विचारलं, "मग आमी कुटं उभं ऱ्हायचं?" सोजरबाई पडून होत्या, ताप होता. तिथूनच म्हणाल्या, "जुन्या झाडाखाली दाटीनं ऱ्हावा. मेंढरं न्हाईत का बसत?" मग माझ्याकडून आपलं नाव दोनदा वाचून घेतलं.

त्या गेल्या सोमवारी उभ्या राहिल्या. ओढ्याच्या काठाला, बजाबाईच्या शेजारी. रोप त्यांनी स्वतःच गेल्या वर्षी वाढवून ठेवलं होतं. पहिलं दूध वस्तीवरच्या लोकांनी मला घालायला लावलं.

तुझ्या कागदात एक चूक आहे, ती कचेरीत दुरुस्त होणार नाही, पण आपल्याजवळच्या नकलेत करून ठेव. सोजरबाईंच्या पुढचं "सुमारे सत्तर" खोड. मी कोरी जागा सोडली होती ती बरोबर होती. आता तिथं लिही, वय आठ दिवस.

त्याच ओळीच्या वर गिरिजाचं वयही बदल. पौष होऊन गेला. ती पाच वर्षांची झाली. ईदेला मी येतो आहे, शिरखुर्मा तू पिऊ नकोस.

गिरिजाचा पालक,
शिवयोगी